अभिमानावरचं औषध

बालीगंज, कलकत्ता
बुधवार, ११ जानेवारी १९५६

प्रिय शकुन,

तुझ्या एकटीच्या नावाचं माझं हे पहिलंच पत्र. तुम्ही दोघी सुटीत नागपूरला मामाकडे जायचात तेव्हा 'चि. कालिंदी व चि. शकुन यांस' असा एकच मायना आणि एकच पाकीट असायचं. कालिंदी लग्न होऊन जबलपूरला गेली, त्यानंतर तिच्या पत्रात शेवटी 'शकुन मजेत आहे' एवढं एक वाक्य मी लिहीत आलो, तेही तुला न विचारता. आज मायन्यापाशीच अडलो. 'चि.' लिहून खोडलं. खाडाखोड झालेला कागद मी कोणाला पाठवत नाही हे तू लहानपणापासून बघितलं आहेस, म्हणून दुसरा घेतला. पण यापुढे खोडावं लागलं तर तसंच राहू देणार आहे.

घरचं आधी सांगतो. थंडीने आईचा दमा वाढला आहे. परवापासून ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं इंजेक्शन घेते आणि मी एक शब्द बोललेलो नाही, यावरून काय ते समज. तिचा दमा नसता तर कालिंदीच्या बाळंतपणाला तीच आली असती आणि तुला तुझी बी. ए.ची पुस्तकं मिटून जावं लागलं नसतं. संक्रांतीचा तिळगूळ तिने यंदा इथल्या नोलेन गुळात, खजुराच्या नव्या गुळात, केला आहे. तो आणि दोन झबली, दोन कुंच्या कालिंदीच्या सासऱ्यांबरोबर दिल्या आहेत. रघुनाथराव काल हावड्याहून निघाले, म्हणजे आज तिथे पोचतीलच. ते तुझ्याशी एका गोष्टीबद्दल बोलतील, निदान त्यांनी बोलावं असं मी त्यांना सांगितलं आहे. ती गोष्ट मी शेवटी लिहिणार आहे, कारण आधी लिहिली तर बाकीचं लिहायचं धैर्य राहणार नाही. आणि बाकीचं हे की गेली तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. 'हो तात्या', 'तुम्ही म्हणाल तसं', 'पान वाढलंय' याला मी बोलणं धरत होतो. आता धरत नाही.

मी किती शिकलो हे तुला वेगळं सांगायला नको. मॅट्रिकचा उंबरा ओलांडलेला नाही. विम्याच्या कचेरीत टपाल लावायला लागलो आणि हेडक्लार्क झालो. इंग्रजी आलं कचेरीतल्या फायलींतून, बंगाली ट्रामच्या पाट्यांवरून आणि शिळ्या वर्तमानपत्रांतून, आणि होमिओपॅथी त्या दोन जाड ग्रंथांतून, जे मी कव्हरं घालून ठेवले आहेत. कोणाच्या हाताखाली काही शिकलो नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की तू लहान असताना माझ्यापुढे ते वाक्य पुरं करायचीस. इथल्या मराठी मंडळात नवीन बदलून आलेली माणसं भेटली की मी त्यांना बंगालीतले फसवे शब्द सांगायचो. शिक्षामंत्री म्हणजे शिक्षणमंत्री, लोकांना शिक्षा करणारा नव्हे. टपालखात्यातल्या विनायकरावांना त्यांचा कारकून 'चेष्टा कोरबो, सार' म्हणाला, म्हणजे प्रयत्न करतो म्हणाला, आणि हे बिचाऱ्यावर खवळले, 'माझी चेष्टा करतोस? तोंडावर सांगून?' ही गोष्ट मी किमान वीस बैठकांत सांगितली असेन, आणि दर वेळी विनायकराव समोर असतील अशी खबरदारी घेऊन.

आणि माझी दुसरी फुशारकी तुमच्याबद्दलची. तुम्हा जुळ्यांना ओळखताना शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, खुद्द तुमची आईसुद्धा कधीमधी चुकायची, मी कधी चुकलो नाही. कालिंदीचा भोवरा डावीकडे आणि तुझा उजवीकडे, आरशात पाहावं तसा. पाहुण्यांपुढे तुम्हाला पाठमोरं उभं करून मी नावं सांगायचो आणि लोक थक्क व्हायचे. यातली मेख मला आत्ता आत्ता कळली. रघुनाथराव कालिंदीच्या जुळ्या मुलींचं कौतुक सांगत होते. म्हणाले, 'आमच्या मंडळींनी एकीच्या मनगटाला काळा दोरा बांधला, घोटाळा नको म्हणून. तर तुमची शकुन तो काढून टाकते! म्हणते, मनगटाकडे काय बघता, तोंडाकडे बघा.' ते हसले, मीही हसलो. ते गेल्यावर लक्षात आलं की मी तुम्हाला ओळखायचो ते पाठीमागून. तोंडाकडे बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार आता लिहितो. तुला सांगायला नाही, तुला तो माझ्याहून चांगला आठवत असेल. मला तो लिहिता येतो का, हे बघायला. रघुनाथराव मुलाला, श्रीधरला, घेऊन तुला पाहायला येणार होते. पत्रिका तुझी गेली होती, फोटो तुझा होता, आणि आदल्या गुरुवारी तुझ्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. आई म्हणाली, गरम पाण्याने शेकू. मी शेकू दिलं नाही, कारण औषधाचं काम उलटं होतं असं ग्रंथात आहे. मी पल्सेटिला दिलं, मग बदलून स्टॅफिसाग्रिया. रविवारी सकाळी डोळा उघडत नव्हता. त्यांचा मुक्काम दोनच दिवसांचा. आई म्हणाली, 'अहो, खरं ते सांगा, डोळा आलाय म्हणावं, माणसं समजून घेतील.' मला ते लाजिरवाणं वाटलं. घरात वैद्य, आणि मुलीचा डोळा सुजलेला! मी म्हणालो, आज कालिंदीला बसवू, चेहरा तोच आहे, नुसती पाहणी तर आहे. तुला विचारलं नाही. तिलाही नाही. तूच तिची वेणी घातलीस, माझ्या सांगण्यावरून भांग उजवीकडे वळवून, भोवरा झाकेल असा. तुझं मोरपंखी लुगडंही तूच तिला नेसवलंस.

मग श्रीधरने विचारलं, 'गाणं येतं का?' आणि ती वेडी बोलून गेली, 'नाही, गाणं शकुनला येतं.' मग तिला हसू फुटलं, ती पदरात तोंड घालून हसायला लागली, श्रीधरही हसला, आणि मला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं ते उठून जातील. पण रघुनाथराव मांडीवर थाप मारून म्हणाले, 'अहो, दोन्ही एकाच साच्यातल्या, आम्हाला काय!' श्रीधर खाली बघत म्हणाला, जिच्याशी बोललो तीच पसंत आहे. आणि माझी लाज झाकली गेली या आनंदात मी काय म्हणालो ते तू पडद्याआड, डोळ्याला ओला बोळा धरून ऐकलंस. मी म्हणालो, 'दोघी माझ्याच. कुठलीही न्या.'

हे वाक्य मी म्हणालो याची मला तीन वर्षं आठवणही नव्हती. परवा आईने आठवण करून दिली, माझ्याच आवाजात म्हणून दाखवून.

कालिंदीच्या लग्नात तू हळदीपासून पाठवणीपर्यंत राबलीस. मी म्हणालो, बघा, बहीण असावी तर अशी. पण त्यानंतर तू सकाळचं बंगाली वर्तमानपत्र मला वाचून दाखवायला बसेनाशी झालीस. पूर्वी माझा उच्चार चुकला की 'तात्या, तोंड गोल करा, रसगुल्ला ठेवल्यासारखं' म्हणायचीस, तेही गेलं. गाण्याची पेटी कपाटावर चढली. नंतर दोन ठिकाणची माणसं पाहायला आली, त्यांच्यापुढे तू नुसती बसलीस, विचारलं तेवढंच बोललीस, आणि नकार आले. मला वाटलं, मुलीला गर्व झाला आहे. बहिणीचं आधी झालं म्हणून ही कोणाला मोजत नाही.

तेव्हाच एकदा जिन्यात खालच्या मासिमा भेटल्या. घरमालकीणबाई, पण आपल्याशी कधी मालकीणपणा केला नाही. हळू आवाजात म्हणाल्या, 'दिगंबरबाबू, मेयेर बड्डो ओभिमान.' म्हणजे मुलीला फार ओभिमान. बंगालीत अ-चा ओ होतो हे मला ठाऊक. ओभिमान म्हणजे अभिमान. माझं निदान एका तिऱ्हाईत बाईनेही केलं याचा मला इतका आनंद झाला की मी हसत, छाती काढून म्हणालो, 'आमारइ मेये तो!' म्हणजे माझीच ना मुलगी! मासिमा माझ्याकडे बघत राहिल्या आणि खाली उतरल्या. मी वर येऊन ग्रंथ काढला. उद्धटपणा, इतरांना तुच्छ लेखणं, मान ताठ: प्लाटिना. दोनशेची पोटन्सी. महिनाभर रोज सकाळी चार गोळ्या मी तुझ्या जिभेवर ठेवल्या. तू जीभ पुढे करायचीस. गुण येत नाही म्हणून मी हजारची दिली. मंडळात विनायकरावांच्या पत्नीने तुझ्याबद्दल विचारलं तर चारचौघांत म्हणालो, 'शकुनला फार अभिमान आहे, उतरतोय हळूहळू.'

परवा सोमवारी सकाळी मी मासिमांच्या गुडघ्याचं औषध द्यायला खाली गेलो. त्यांची चार वर्षांची नात बुलू पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती, पुढ्यात लुचीच्या पुऱ्या थंड झालेल्या. मी विचारलं, ताप आहे का? मासिमा सुपारी कातरत म्हणाल्या, 'ताप कसला! ओभिमान होयेछे. काल आजोबा तिच्या दिदीला, थोरल्या बहिणीला, चिडियाखान्यात वाघ बघायला घेऊन गेले, हिला झोपलेली ठेवून.' मी मोठ्याने हसलो. म्हणालो, एवढ्याशा पोरीला कसला आलाय अभिमान, हिने कोणता पराक्रम केला? मासिमांना कळेना. 'पराक्रम कशाला करायला हवा?' मग मी आमच्या भाषेत अभिमान म्हणजे काय ते नेहमीच्या ऐटीत समजावून सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. 'की सर्बोनाश! मी शकुनबद्दल सांगितलं, तेव्हा तुम्ही गर्व समजलात?'

त्यांचं पुढचं बोलणं मराठीतच देतो, माझ्या बंगालीवर आता माझाच विश्वास उरलेला नाही. म्हणाल्या, 'राग काय, ट्रामच्या कंडक्टरवरही येतो. ओभिमान परक्यावर होत नाही. ज्याने न सांगता समजायला हवं होतं, त्याला समजलं नाही, आणि आता त्याला सांगायचीही लाज वाटते, असं झालं म्हणजे होतो. तो आपल्या माणसावरच होतो, दिगंबरबाबू. मला वाटलं तुम्हाला कळलं, आणि वर तुम्ही हसलात. तेव्हा मी घरात येऊन म्हटलं, हा मराठी माणूस दगड आहे.'

मी आपल्या भाषेत शब्द शोधला. रुसवा म्हणावं, तर रुसवा लाडवाने निघतो. बुलू संदेशाची मिठाई दाखवून बाहेर आली नाही. मग तिचे आजोबा स्नान करून आले, सत्तरीचे, निवृत्त हेडमास्तर, सबंध आळीत ज्यांचा दरारा. ते धोतर आवरून पलंगाशेजारी फरशीवर चक्क आडवे झाले आणि पलंगाखाली तोंड करून पडून राहिले. मी उगाच औषधाच्या बाटलीचं बूच काढ-घाल करत बसलो. बऱ्याच वेळाने पलंगाखालून एक हात आला आणि त्यांचं नाक चिमटीत धरलं.

वर येऊन मी आईला हे सांगितलं, हसण्यावारी न्यावं म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, 'रोज पोरीच्या जिभेवर गोळ्या ठेवत होतात, त्या जिभेला काही विचारलंत कधी?' मग तिने ते वाक्य म्हणून दाखवलं, 'दोघी माझ्याच, कुठलीही न्या.' आणि त्याहून वाईट पुढे सांगितलं. म्हणाली, तुमची औषधांची पेटी झाडायची कोण? शकुन. ते ग्रंथ उन्हात घालायची कोण? शकुन. प्लाटिना कोणाला देतात हे तिला पहिल्या दिवशीच माहीत होतं. म्हणजे शकुन, मी तुला रोज सकाळी गर्विष्ठ म्हणत होतो, आणि तू ते गिळत होतीस. दुःख गिळून गप्प बसणाऱ्याचं औषध त्याच पेटीत, दोन घरं सोडून आहे. इग्नेशिया. ती बाटली मी उघडलेलीही नाही, बुचावरची लाख तशीच आहे. पण आता तीही पाठवत नाही. पेटी माळ्यावर ठेवली आहे.

आता ती गोष्ट. रघुनाथराव रविवारी जेवायला आले तेव्हा पानावर बसल्या बसल्या म्हणाले, 'शकुनला आमच्याकडेच राहू द्या की. पोरी दोन, कालिंदी एकटी. मावशी म्हणजे आईच, आणि ही तर चेहऱ्यानेही आई. नाहीतरी तिचं कुठे जमत नाहीये.' आणि मी, शकुन, ताक ओरपता ओरपता म्हणालो, 'राहू दे. दोघी एकच.' तुझी परीक्षा मनात आली नाही. ज्या घरात तू सून म्हणून जायची होतीस तिथे तुला कायमची बाळंतिणीच्या हाताखाली ठेवतो आहे हेही मनात आलं नाही. आई वाढता वाढता आत निघून गेली. हे रविवारी, आणि सोमवारी बुलू. मंगळवारी मी कचेरीतून रजा काढून हावड्याला गेलो. रघुनाथराव डब्यात बसले होते, वळकटी सोडून. फलाटावरून, खिडकीच्या गजांशी उभा राहून मी म्हणालो, मी रविवारी दिलेला शब्द मागे घेतो. 'म्हणजे मुलीला परत बोलावता?' म्हटलं, बोलावतही नाही आणि ठेवतही नाही. तिला विचारा, ती म्हणेल ते. ते समोरच्या उतारूंकडे बघून हसले. 'मुलीला विचारा! नवीनच ऐकतोय. व्याहीबुवा, तुमची तर शब्दाचे पक्के म्हणून ख्याती!' सगळा डबा माझ्याकडे बघत होता. माझे कान तापले. पण गाडी हलेपर्यंत मी तिथून हललो नाही, एवढं तुला सांगतो. येताना तुझ्या कॉलेजात गेलो. तुझं नाव पटावर आहे, तू आलीस तर यंदाच परीक्षेला बसता येईल असं बाई म्हणाल्या. पण म्हणून ये असं मी म्हणत नाही. तिथे तुझं मन रमलं असेल तर राहा, तो शब्द तू तुझा दे. तुला पाहायला कोणी येणार असेल तर आधी तुला विचारीन, आणि तू नको म्हणालीस तर कारण विचारणार नाही. शनिवारी संक्रांत. तिळगूळ देताना जे म्हणतात ते तुला म्हणायचा मला यंदा अधिकार नाही, म्हणून म्हणत नाही. माझ्याशी न बोलण्याचा तुझा हक्क आहे, तो तू हवा तितके दिवस चालव. माफी मागतो, पण तिचं उत्तर मागत नाही. फक्त कालपासून एक भीती बसली आहे. मासिमा म्हणाल्या, ओभिमान परक्यावर होत नाही. इतके दिवस मी तो उतरवायला औषध देत होतो. आता एवढंच कळव, एका ओळीचं कार्ड पुरे, माझा उच्चार चुकत असेल तर सुधारून घेईन: तो अजून आहे ना?

तुझाच,
तात्या